वेसियोला मी डोंगरावर सोडलं

माझी मुलगी यास्ना नर्सच्या नोकरीसाठी पार दक्षिणेला, पुन्ता अरेनासला गेली आणि तिचे दोन देगू माझ्या गळ्यात पडले. देगू म्हणजे आमच्या डोंगरउतारांवर बाभळींच्या मुळाशी बिळं करून राहणारा उंदीरच. अंगाने खारीएवढा, शेपटीच्या टोकाला काळा झुबका. आमच्या लिमाचे गावातली निम्मी माणसं त्यांना वाडीतून हाकलतात, आणि थोडे हौशी लोक पाळतातही. यास्नाने हे दोघे भाऊ कॉलेजात असताना आणले होते, एका ओंजळीत दोघे मावतील एवढे. नावं ठेवली मोते आणि वेसियो. उन्हाळ्यात आमच्याकडे हातगाड्यांवर गहू आणि सुकवलेलं पीच घातलेलं थंडगार सरबत मिळतं, त्यातला गहू म्हणजे मोते आणि पीच म्हणजे वेसियो.

निघताना ती मला दहा वेळा बजावून गेली. "आई, गवत आणि ते कोरडे दाणे, बस. साखर अजिबात नाही. फळसुद्धा नाही. त्यांच्या अंगाला ती सोसत नाही."

"अगं, कळलं. तुला वाढवलंय मी," मी म्हटलं.

पण घर एकदम रिकामं झालं होतं. दिवसभर मी शाळेचे गणवेश शिवायची, मशीनचा आवाज असायचा तोवर बरं वाटायचं. संध्याकाळी चहा-पाव घेऊन बसले की खायला उठायची ती शांतता. मग मी पिंजऱ्याचं दार उघडायची. मोते पहिल्यापासूनच आखडू, तो आपल्या फळीवरून खाली यायचाच नाही. वेसियो मात्र सरळ माझ्या हातावर चढायचा. माझ्या पावाला मेंब्रियोची वडी लावलेली असायची, त्या फळाचा गर साखरेत आटवून घट्ट केलेली. एकदा त्याने माझं बोट चाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोटाला थोडी लावली. वाटाण्याएवढी, मी स्वतःला सांगितलं, एवढ्याने काय होतंय. तो पुढचे दोन्ही पाय माझ्या बोटाभोवती घालून चाटायचा, आणि त्या घरात कुणाला तरी माझी वाट बघावीशी वाटते याचं मला इतकं बरं वाटायचं, की दीड वर्ष मी एक संध्याकाळ चुकवली नाही.

मग तो पाणी प्यायला लागला. बाटली दुपारीच रिकामी. अंगाला सतत ओलसर वास. एके सकाळी उजेडात धरला तर दोन्ही डोळ्यांत दुधासारखं पांढरं.

विन्या शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. "साखर वाढलीये. त्यामुळे डोळेही गेलेत. गोड काय देता याला?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"फळ? बिस्कीट?"

"छे. माझ्या मुलीने बजावलंय ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. वय झालंय, म्हणाल्या, कधीकधी आपसूकही होतं. जेवतोय तोवर जगू दे, जागा रोज कोरडी करा, भावापासून तोडू नका. आता त्याच्या वासावरच याचं सगळं चालणार. खरंच होतं ते. मोते पुढे चालायचा आणि वेसियो त्याच्या पाठीला नाक लावून मागे.

मार्चमध्ये घरमालकाने घर विकायला काढलं. जूनअखेर जागा सोडायची होती. मी ला सेरेनाला माझ्या बहिणीकडे, नेल्दाकडे राहायला जायचं ठरलं. नेल्दाने फोनवर एकच अट घातली.

"तुझी मशीन आण, तुझी कपाटं आण, पण उंदीर नाही हं, ओरियाना."

"देगू आहेत ते."

"शेपटी आहे ना? मग उंदीर."

यास्ना म्हणाली, चांगलं घर बघ, पण दोघांना एकत्र घेणारं. तिच्या हॉस्टेलमध्ये प्राणी चालत नव्हते. मी गावच्या ग्रुपवर खरंखरं लिहिलं: दोन भाऊ, वय साडेसहा, एक आजारी आणि आंधळा. पंधरा दिवसांत एकच जोडपं आलं. बाई पिंजऱ्यात वाकली, वेसियोने तिच्याकडे पांढरे डोळे वळवले, आणि ती नवऱ्याच्या मागे सरकली. नवरा म्हणाला, "तो दुसरा देत असाल तर नेतो." मी नाही म्हटलं. तेवढं एक तरी मी त्या महिन्यात बरोबर केलं.

नंतर मी जाहिरात बदलली. दोन देगू, वय चार, तब्येत उत्तम.

त्याच दिवशी एर्सिलिया ओल्गिन यांचा फोन आला. ओल्मुएच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्या गावात त्यांना सगळे अजून बाईच म्हणतात.

"माझा गेला जानेवारीत," त्या म्हणाल्या. "सहा महिने आजारी होता. रात्रंदिवस केलं मी त्याचं. पिंजरा रिकामा बघवत नाही म्हणून विचारतेय, पण एक आधीच सांगते. आजारी जनावर मला नको. माझ्याच्याने पुन्हा ते होणार नाही. तुमचे दोघे धडधाकट आहेत ना?"

"हो, बाई. एकदम."

"मग शुक्रवारी दुपारी घेऊन या."

फोन ठेवल्यावर मी पिंजऱ्याकडे बघितलं. वेसियो फळीच्या कडेला पाय चाचपत बसला होता. शुक्रवारला तीन दिवस होते.

शेजारचे एवारिस्तो कुंपणावर कोपर टेकून माझं सगळं ऐकून घेणारे गृहस्थ. ते हसले.

"शेजारीणबाई, कशाला जिवाला घोर लावून घेता? डोंगरातलं जनावर ते. डोंगरात सोडून द्या. त्याचं अख्खं गोत तिथे बसलंय."

"त्याला दिसत नाही हो."

"बिळात कुणाला काय दिसतं?"

हे बोलणं किती फोल आहे ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. पिंजऱ्यात जन्मलेला, आंधळा, म्हातारा जीव. पण मला तेच ऐकायचं होतं.

शुक्रवारी सकाळी मी बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत मूठभर गवत घातलं आणि वेसियोला उचललं. मोते फळीवरून खाली आला. एरवी न येणारा. दाराच्या गजांना पाय लावून उभा राहिला. मी पिंजऱ्यावर चादर टाकली आणि निघाले.

शेअर टॅक्सीत खोकं मांडीवर होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "नवे बूट?" मी हो म्हटलं.

शेवटच्या थांब्यापासून अर्धा तास चढले. एप्रिल संपत आला होता, ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती. बाभळी, निवडुंग, मोठाले दगड. आणि दगडांमध्ये ते, रानटी देगू, दहाबारा असतील. मला बघून शिट्टी घालून आत गेले. मी खोकं खाली ठेवलं, झाकण काढलं, ते आडवं केलं. वेसियो दोन पावलं बाहेर आला आणि थांबला. नाक वर करून वास घेत राहिला. जमीन त्याच्या ओळखीची नव्हती. मग तो वळला आणि माझ्या बुटावर चढून बसला.

मी त्याला उचलून पुन्हा खाली ठेवलं. तेवढ्यात दगडामागून एक दांडगा देगू बाहेर आला, दात वाजवत जवळ आला आणि याच्या पाठीवर झेपावला. वेसियो कुठून काय आलं हे न कळून जागच्या जागी गोल फिरला. मी हाड्-हाड् केलं, तो मागे सरला. पण लांब गेला नाही. मी गेल्यावर काय होणार हे मला समोर दिसत होतं. तरी मी खोकं चेपून पिशवीत घातलं आणि उतरायला लागले. मागून त्याची ती बारीक, लांबलेली शीळ ऐकू येत होती. घरात मोते नजरेआड झाला की तो अशीच घालायचा. मी वळून बघितलं नाही. टॅक्सीत बसेपर्यंत मी मनातल्या मनात शिवायच्या उरलेल्या कॉलर मोजत होते.

दुपारी मोतेला घेऊन ओल्मुएला गेले. एर्सिलिया बाई उंच, काठी टेकत चालणाऱ्या, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यांनी पिंजऱ्यात बघितलं.

"एकच? दुसरा?"

"गेला, बाई. काल. अचानक."

मला वाटलं होतं त्या चौकशी करतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझा हात हातात घेतला. "अरेरे. आणि तरी तुम्ही शब्द दिला म्हणून आलात. बसा. आधी बसा."

त्यांनी चहा केला. पाव गरम केला, अवोकाडो कुस्करून लावला. त्यांच्या गेलेल्या देगूचं सांगितलं, शेवटी त्याला ड्रॉपरने कसं भरवत होत्या ते. "ज्याने केलंय त्यालाच कळतं," त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात, उंदरासाठी रडते." आणि त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं वाटण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा आली.

मोते नव्या पिंजऱ्यात थांबतच नव्हता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पुन्हा पहिल्या. प्रत्येक कोपरा हुंगायचा, शीळ घालायचा, थांबून ऐकायचा.

"शोधतोय," बाई म्हणाल्या. "त्याला दाखवलंत का?"

"काय?"

"भावाला. मेलेल्याला एकदा हुंगू द्यायचं असतं हो. नाहीतर ते कळत नाही त्यांना, शोधत राहतात. कुठे पुरलंत?"

"अंगणात."

"मग उद्या मऊ माती आहे तोवर—"

"नको."

त्यांना वाटलं मला सोसणार नाही. "बरं. निदान तुमचा हात आत घाला. तुमच्या वासाने शांत होईल."

मी हात आत घातला. मोते, जो कधी माझ्या हाताकडे आला नव्हता, तो धावत आला. माझ्या बाहीला नाक लावलं. सकाळी वेसियोला मी त्याच बाहीशी धरलं होतं. त्याने बाहीच्या आत तोंड घातलं, कोपरापर्यंत शिरू पाहिलं, आणि तिथूनच ती शीळ घातली.

"तो मेलेला नाही," मी म्हणाले.

"कोण?"

"वेसियो. मी त्याला सकाळी डोंगरावर टाकून आले. आजारी आहे तो. आंधळा आहे. दोघे साडेसहा वर्षांचे आहेत. मी सगळं खोटं सांगितलं तुम्हाला."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग त्या उठल्या, कपाटावरून एक छोटा पिंजरा काढला आणि मोतेला त्यात घातलं.

"उठा. ती किल्ली घ्या खिळ्यावरची. अजून दोन तास उजेड आहे."

त्यांच्या जुन्या ट्रकमध्ये वाटभर त्या फक्त रस्ता विचारत होत्या. डावीकडे की उजवीकडे. पुढे किती. वर चढताना त्यांचे गुडघे दुखत होते ते दिसत होतं, पण मी हात पुढे केला तर त्यांनी घेतला नाही.

"कुठली बाभूळ?"

मी सगळीकडे बघितलं. सगळ्या सारख्या. "इथेच कुठेतरी…"

"इथेच कुठेतरी! मागे वळून एकदा बघितलंत तरी का?"

"नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. वर्गात उत्तर चुकल्यावर म्हणत असतील तसं. मग मोतेचा पिंजरा एका सपाट दगडावर ठेवला आणि काठीच्या आधाराने त्या हळूहळू जमिनीवर बसल्या. "आता गप्प बसा. बोलायचं काम त्याचं आहे."

मोतेने हवेचा वास घेतला. रानटी देगू लांबून खडसावत होते. तो दचकला, अंग चोरलं. मग शीळ घातली. थांबला. पुन्हा घातली. ऊन वरच्या कड्यावर सरकलं होतं, गारठा वाढला होता. किती वेळा घातली कोण जाणे. आणि मग, आम्ही बघत होतो त्याच्या भलत्याच बाजूने, खालून, उत्तर आलं. इतकं बारीक, की मला आधी भास वाटला. बाईंनी काठी तिकडे रोखली.

निवडुंगाच्या बुंध्यात आणि दगडात एक खाच होती, त्यात तो पाठ आत करून बसला होता. शेपटीची कातडी सोलून निघाली होती, नुसतं हाड लोंबत होतं. पाठीवर चाव्यांच्या खुणा, एक कान फाटलेला. थरथरत होता. मी गुडघ्यांवर बसून हात पुढे केला. तो चावेल असं मला वाटलं. चावावं असंही वाटलं. त्याने माझी बोटं हुंगली. मग पुढचे दोन्ही पाय माझ्या बोटाभोवती घातले आणि चाटायला लागला. एक बोट झालं की दुसरं.

बाई वाकून बघत होत्या. "काय शोधतोय तो?"

"मेंब्रियोची वडी," मी म्हणाले. "रोज द्यायची मी त्याला. दीड वर्ष."

बाईंनी डोळे मिटले. "देवा रे," एवढंच म्हणाल्या. ते माझ्यासाठी नव्हतं.

ट्रकमध्ये त्यांनी दोघांना एकाच पिंजऱ्यात घातलं. मोतेने त्याला सगळीकडून हुंगलं, मग त्याच्या फाटक्या कानाशी चाटत बसला. माझ्या घराशी थांबल्यावर बाईंनी इंजिन बंद केलं नाही.

"दोघे माझ्याकडे राहतील. उपकार मानू नका, तुमच्यासाठी करत नाहीये. दर गुरुवारी यायचं, पिंजरा धुवायचा, त्याची शेपटी साफ करायची. जून संपेपर्यंत. येणार?"

"येईन, बाई."

"येताना हात धुऊन."

मी गेले, आठ गुरुवार. डॉक्टरीणबाईंनी शेपटीचं हाड काढून टाकलं, जखम भरली. त्यांनाही मी वडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंदाज होता मला. तुमच्या बोटाला चिकटलेली होती त्या दिवशी." मी मान वर केली नाही. एर्सिलिया बाई पहिले तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलल्या. चौथ्या आठवड्यात दार उघडताना म्हणाल्या, "काय, आज त्याच्यासाठी केक आणलात की नुसत्याच आलात?" मला रडू आलं, तर वैतागल्या. "रडू नका हो. तो पाणी पितो ते कमी आहे का, सगळी ओल मलाच पुसायची."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, वेसियो गेला. गुरुवारी मी गेले तेव्हा कळलं. बाईंनी त्याला तासभर पिंजऱ्यातच ठेवलं होतं. मोतेने त्याचं अंग चाटलं, त्याच्यावर थोडं गवत ओढलं, मग शेजारी बसून राहिला. शेवटी आपणहून उठून दाण्यांकडे गेला. त्याने कोपरे हुंगले नाहीत. "बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकला. मी त्या दिवशीही पिंजरा धुतला.

यास्नाला मी दर रविवारी सांगत होते की दोघे छान घरी आहेत. त्या रविवारी मी तिला फोनवर सगळं सांगितलं, वडीपासून. तिने कॅमेरा बंद केला. काळ्या पडद्यातून तिचा आवाज आला.

"तो तिथे किती वेळ होता?"

"सात तास."

"आणि तू त्या वेळात काय करत होतीस?"

"कॉलर शिवत होते. मग मोतेला घेऊन गेले."

तिने फोन ठेवला. पुढचे तीन रविवार तो वाजला नाही. एर्सिलिया बाईंचा नंबर तिने माझ्याकडे मागितला तो मेसेज करून, नमस्कारसुद्धा न लिहिता. त्या दोघी बोलतात. मोतेचे फोटो तिला तिकडून येतात, मला नाही. चौथ्या रविवारी तिने फोन केला आणि ला सेरेनाला थंडी कशी आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिने तिकडच्या वाऱ्याचं सांगितलं. तेवढंच.

इथे येऊन आता चार महिने झाले. नेल्दाला मी आल्या आल्या एवढंच सांगितलं होतं की एक आंधळा देगू डोंगरावर हरवला होता, आणि मी आणि एर्सिलिया बाईंनी जाऊन त्याला शोधून आणलं. नेल्दाला गोष्टी फुलवून सांगायची सवय. परवा तिच्या चर्चमधल्या तीन बायका चहाला आल्या होत्या.

"ही माझी बहीण," नेल्दा त्यांना म्हणाली. "हिचं काळीज बघा कसलं! आंधळ्या उंदरासाठी संध्याकाळची डोंगर चढून गेली. काट्यांतून काढून आणलंन त्याला."

"आई गं," एक बाई म्हणाली, "असं कोण करतं हल्ली!" आणि तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

मी चहा ओतत होते. किटली खाली ठेवली.

"तो हरवला नव्हता," मी म्हणाले. "त्याच सकाळी मीच त्याला तिथे टाकून आले होते. आजारी होता, कुणी घेत नव्हतं. आजारी झाला तोही माझ्यामुळे."

माझ्या दंडावरचा हात निघाला, अगदी सावकाश, मला लागू नये असा. नेल्दा लाल झाली. मग तिने मोठ्या आवाजात विचारलं की यंदा ऑलिव्ह कशी झालीत, आणि एका बाईने सांगायला सुरुवात केली. मी सगळ्यांचे कप भरले. माझाही भरला, आणि त्यांच्यात बसून प्यायले.